जेवणावळीनंतरचे तीन दिवस : अन्नातून होणाऱ्या आजारांचा भार कोणाच्या पदरात पडतो

रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनारी गावच्या ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाडीच्या वार्षिक पूजेच्या महाप्रसादानंतर साठेक माणसांना उलट्या-जुलाब झाले. सगळे दोन-तीन दिवसांत बरे झाले, कोणी दगावले नाही. तरीही आरोग्य केंद्राचे कर्मचारी आठवडाभर घरोघर फिरत राहिले आणि पाहुण्यांना घरी उतरवणारी मंडळी धंद्याला बट्टा लागेल म्हणून धास्तावली. जे आपोआप बरे होते त्याचा एवढा बाऊ करावा, इतका त्याचा भार खरोखर आहे का?

माझी उमेदीची सगळी वर्षे किनारपट्टीवरील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि पुढे साथरोग सर्वेक्षणाच्या कामात गेली, त्या अनुभवावरून उत्तर देतो. होय, भार आहे आणि तो मोठा आहे. तो दिसत नाही, कारण तो घराघरांत थोडा थोडा वाटला जातो आणि त्याचे एकत्र बिल कोणाच्याही हाती पडत नाही.

आपल्याच वाडीचा हिशेब मांडून पाहू. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. आपण आपल्या गावचे दर घालून ते बदलावेत. साठ आजाऱ्यांपैकी चाळीस कमावते धरले, प्रत्येकाची तीन दिवसांची मजुरी बुडाली आणि मजुरी दिवसाला ५०० रुपये धरली, तर ६० हजार रुपये झाले. उरलेल्या वीस मुलांपैकी आणि म्हाताऱ्यांपैकी दहा जणांपाशी घरातले कोणीतरी दोन दिवस काम सोडून बसले असेल. ४०० रुपये रोजाने ते ८ हजार होतात. दहा जणांना खासगी दवाखान्यात सलाइन लागले, प्रत्येकी १,५०० रुपये. बाकीच्या पन्नास जणांचा औषधाचा आणि रिक्षाचा खर्च प्रत्येकी ३००. हे मिळून ३० हजार. एकूण ९८ हजार रुपये. एका दुपारच्या जेवणाने वाडीतून जवळजवळ एक लाख रुपये गेले, पण दर आजाऱ्यामागे सरासरी दीड-दोन हजारच गेले, म्हणून ते गेल्याचे गावाला कळलेच नाही. या रकमेतले दोन तृतीयांशांहून अधिक पैसे बुडालेल्या मजुरीचे आहेत, ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. आजाराचा खर्च म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर आणि औषधे येतात. खरा खड्डा मात्र न केलेल्या कामाचा असतो.

जागतिक पातळीवर हेच प्रमाण आणखी ठळक दिसते. जागतिक बँकेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार असुरक्षित अन्नामुळे अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांचे दरवर्षी सुमारे ११० अब्ज डॉलरचे नुकसान होते. त्यापैकी सुमारे ९५ अब्ज हे बुडालेल्या उत्पादकतेचे आणि फक्त १५ अब्ज उपचारांचे. त्याआधी २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ३१ रोगकारकांचा विचार करून जगाचा अंदाज मांडला होता. दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक अन्नातून आजारी पडतात, ४ लाख २० हजार मरण पावतात आणि निरोगी आयुष्याची ३ कोटी ३० लाख वर्षे वाया जातात. भारत ज्या आग्नेय आशिया विभागात मोडतो, तेथे आजाऱ्यांची संख्या १५ कोटी आणि मृत्यूंची १ लाख ७५ हजार आहे. पाच वर्षांखालील मुले जगाच्या लोकसंख्येत ९ टक्के आहेत, पण या आजारांच्या भारापैकी ४० टक्के भार त्यांच्यावर पडतो आणि दरवर्षी त्यांच्यापैकी सव्वा लाख मुले त्यात दगावतात. हा शेवटचा आकडा मी इतक्या वेळा वाचला आहे, तरी तो सरावाचा होत नाही.

हे सारे अंदाज का आहेत, मोजदाद का नाही, हेही सांगायला हवे, कारण आपल्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. पोट बिघडलेला माणूस दवाखान्यात जाईलच असे नाही. गेला तर डॉक्टर शौचाचा नमुना घेतीलच असे नाही. घेतला तर जंतू सापडेलच असे नाही, कारण बहुतेक वेळा तोवर प्रतिजैविकाची गोळी पोटात गेलेली असते. सापडला तरी तो वरच्या कार्यालयात कळवला जाईलच असेही नाही. प्रत्येक पायरीवर संख्या गळत जाते. अमेरिकेत प्रयोगशाळांचे जाळे दाट आहे. तरी तेथे साल्मोनेला या अन्नातून पसरणाऱ्या जंतूचा एक रुग्ण प्रयोगशाळेत सिद्ध होतो तेव्हा प्रत्यक्षात सुमारे २९ जणांना बाधा झालेली असते, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. आपल्या उपकेंद्रापासून जिल्हा प्रयोगशाळेपर्यंतचे अंतर, घाटातले आणि खाडीपलीकडचे रस्ते, श्रावण-भाद्रपदातला पाऊस हे ध्यानात घेतले, तर आपल्याकडे गळती किती असेल याची कल्पना आपणच करावी. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात ठिकठिकाणच्या साथींच्या नोंदी होतात आणि त्यांत अतिसाराच्या व अन्नविषबाधेच्या साथी नेहमी वरच्या क्रमांकावर असतात. पण तेथे पोहोचते ती साथ, म्हणजे एकाच जेवणानंतर एकदम आजारी पडलेली साठ माणसे. घरातल्या शिळ्या भाताने आजारी पडलेली तिघे कोणत्याच कागदावर येत नाहीत. आरोग्य कर्मचारी आपल्या वाडीत आठवडाभर फिरले ते यासाठी. एरवी विखुरलेला आजार त्या दिवशी एका जागी, मोजता येईल अशा रूपात आला होता, आणि शिवाय दवाखान्यात न आलेले आजारी शोधल्याखेरीज साथ थांबली की पसरते आहे हे ठरवता येत नाही.

आता ‘आपोआप बरे होते’ याविषयी. निरोगी, धडधाकट माणसाचे पोट बहुतेक वेळा दोन दिवसांत ताळ्यावर येते, हे खरे. पण आपल्या गावांत अशी माणसे किती आहेत? पुष्कळ कमावते चाकरमानी मुंबई-पुण्याला असतात आणि वाडीत आजी-आजोबा आणि नातवंडेही असतात. रक्तदाबाची, त्यातही लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना दिवसात पंधरा जुलाब झाले आणि पाणी भरून काढले गेले नाही, तर त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि मधुमेह सोबत असेल तर ती इजा पूर्ण भरून येईलच असे नाही. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ‘ई’ प्रकारची कावीळ झाली तर जिवाचा धोका इतरांच्या कित्येक पटीने वाढतो. पुण्यात जानेवारी २०२५ पासून सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, ते आपल्याला आठवत असेल. दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या त्या उद्रेकात काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा साध्या जुलाबांचा जंतू आढळला होता. जुलाब थांबल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पायांतले बळ जाणे आणि काहींना श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागणे, हा त्या ‘आपोआप बऱ्या होणाऱ्या’ आजाराचाच पुढचा भाग होता.

जलसंजीवनीबद्दल येथे थोडे विषयाच्या कडेने लिहितो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. ती पुडी आज आशाताईंकडे फुकट मिळते. तरी आपल्याकडे ‘सलाइन लावल्याशिवाय ताकद येत नाही’ हा समज इतका पक्का आहे की ज्याच्या पोटात पाणी टिकते तोही दीड हजार रुपये मोजून सलाइन लावून घेतो. वर मांडलेल्या हिशेबातले निदान काही हजार रुपये या समजुतीचे आहेत.

आता महाप्रसादाकडे येऊ. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्या आचाऱ्यांइतके निगुतीने काम करणारे लोक मी थोडे पाहिले आहेत. अडचण वेळेची आणि भांड्याच्या आकाराची आहे. दुपारी बाराच्या आरतीनंतर पंगत बसवायची म्हणून पहाटे तीनला चुलवण पेटते. आदल्या रात्री ओल्या नारळाचे वाटप वाटून, कांदा चिरून, काळे वाटाणे भिजत घालून ठेवलेले असतात. सकाळी सहापर्यंत काळ्या वाटाण्याची उसळ उतरते आणि मोठ्या टोपात, वर ताट झाकून, मंडपाच्या कडेला थांबते. आरती लांबते, मानकऱ्यांची वाट पाहिली जाते, पहिली पंगत दीडला बसते आणि शेवटची साडेतीनला. त्या टोपात हात घालून कोणी पाहत नाही, म्हणून आत काय चालते ते सांगतो. टोपाच्या कडेची उसळ निवते, मधली निवत नाही. ती कित्येक तास कोमट राहते. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूची बीजे उकळूनही मरत नाहीत. दाट, हवा न पोहोचणाऱ्या, साधारण ४३ ते ४७ अंश तापमानाच्या त्या गाभ्यात ती जागी होतात आणि अनुकूल स्थितीत दर दहा मिनिटांनी दुप्पट होतात. दहा मिनिटांनी दुप्पट म्हणजे साडेतीन तासांच्या आत एकाचे दहा लाख. उसळीचा रंग बदलत नाही, वास येत नाही, चव बिघडत नाही. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात आणि उलट्या त्या मानाने कमी असतात.

उलट्याच जास्त असतील आणि त्या जेवणानंतर एक ते सहा तासांत सुरू झाल्या असतील, तर मी पहिल्यांदा आचाऱ्याच्या किंवा वाढप्याच्या बोटावरची जखम पाहतो, आणि भात केव्हा शिजवला ते विचारतो. जखमेतला स्टॅफिलोकोकस आणि शिळ्या भातातला बॅसिलस सिरियस हे दोघेही अन्नात विष तयार करून ठेवतात आणि ते विष उकळल्याने जात नाही. ‘पुन्हा एक उकळी काढली की झाले’ हा आपल्या स्वयंपाकघरातला नियम येथे निरुपयोगी ठरतो. जंतू मरतात, विष राहते. आपल्या वाडीत आजार केव्हा सुरू झाला हे आपण लिहिलेले नाही, आणि नेमकी तीच माहिती सगळ्यांत मोलाची असते. उपाय साधे आहेत: उसळ उशिरा शिजवावी, ते शक्य नसेल तर मंद जाळावर ६० अंशांच्या वर, म्हणजे वाफ निघत राहील इतकी गरम ठेवावी, नारळाचे वाटप त्याच पहाटे वाटावे, आणि हाताला फोड-जखम असलेल्याला पूजेचे दुसरे कोणतेही काम द्यावे, वाढपाचे देऊ नये. एक जादा शेगडी आणि तिचा गॅस याला त्या ९८ हजारांपुढे काय खर्च येतो?

किनाऱ्यावरच्या आजाराचा दुसरा मोठा भाग मासळीचा आहे. एक प्रसंग सांगतो. मासे विकून संसार चालवणारी एक चाळिशीची बाई दुपारी माझ्याकडे आली. चेहरा आणि मान लालबुंद, अंगाला खाज, डोके ठणकत होते, छातीत धडधड. जेवून तासही झाला नव्हता. याआधी दोनदा असेच झाले होते आणि तिला ‘बांगड्याची अॅलर्जी आहे, आयुष्यात खाऊ नका’ असे सांगण्यात आले होते. ज्या मासळीवर तिचा जन्म गेला ती तिने तीन वर्षे सोडली होती आणि त्या दिवशी पुन्हा चाखली होती. मी विचारले, बांगडा कुठला? विकून उरलेला, सकाळपासून पाटीत, उन्हात. तिला अॅलर्जी नव्हती. बांगडा, तारली, कुपा यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन हा प्रथिनांचा घटक भरपूर असतो. मासा गरम जागी राहिला की जंतू त्यापासून हिस्टामिन हे लाली-खाज आणणारे द्रव्य बनवतात, आणि ते तळून, भाजून किंवा आमटीत उकळून नष्ट होत नाही. साध्या गोळ्यांनी ती दोन तासांत बरी झाली. पुढच्या आठवड्यात रापणीचा, डोळ्यांदेखत ओढलेला बांगडा तिने खाल्ला आणि काही झाले नाही. तीन वर्षे सोडलेला तो घास कोणत्या हिशेबात धरायचा, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

माशातील हिस्टामिनची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडली जाऊ नये यासाठी लागणारी मुख्य वस्तू बर्फ आहे. आपल्याकडच्या उन्हात किलोभर मासळीला किलोभर बर्फाचा चुरा, हे प्रमाण मानले जाते. १९९७ मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीवर बंदी घातली, तेव्हा निर्यातदारांनी कारखाने सुधारले, शीतसाखळी उभी केली, प्रत्येक टप्प्यावर तपासणीची पद्धत आणली. परदेशी गिऱ्हाइकाने माल परत पाठवला की तोटा एका माणसाच्या वहीत, एका आकड्यात दिसतो. म्हणून तेथे पैसा खर्च झाला. आपल्या बाजारातला बांगडा परत जात नाही. त्याचा तोटा खाणाऱ्याच्या घरी जातो, आणि बर्फ मात्र पाटीवालीने स्वतःच्या दिवसाच्या कमाईतून घ्यायचा असतो. तिने तो कमी घेतला तर मी तिला दोष देत नाही. मासळी बाजारात बर्फ, सावली आणि वाहते पाणी देणे हे ग्रामपंचायतीचे आणि नगरपालिकेचे काम आहे, आणि त्यावर झालेला खर्च दवाखान्याबाहेरच्या रांगेतून परत मिळतो. बर्फाबाबत एक सावधगिरी: मासळीचा बर्फ आणि पिण्याचा बर्फ वेगळा. अखाद्य बर्फाला निळा रंग द्यावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. सोलकढीत किंवा सरबतात कोणता बर्फ पडतो, हे घरी पाहुणे उतरवणाऱ्यांनी स्वतः पाहावे. सोलकढीतला नारळाचा रस कच्चाच असतो, त्यामुळे त्यात पडणारे पाणी आणि बर्फ उकळून शुद्ध होण्याची संधी पुढे कोठेच नसते.

तिसऱ्या कारणाविषयी, पाण्याविषयी, थोडेच लिहितो. कातळाखालच्या जांभ्यातून पाणी भराभर झिरपते. शोषखड्डा विहिरीच्या वर चढावर असेल तर पावसाळ्यात त्याचे पाणी विहिरीत येण्यास फार वेळ लागत नाही. टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकली एवढ्यावर समाधान मानू नये. टोकाच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे दाखवणारी चाचणी, पिवळी येते का ते पाहावे. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो त्याही पाण्याची हीच तपासणी करावी. पाहुण्यांची गर्दी नेमकी तेव्हाच असते.

शेवटी बट्ट्याची भीती. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. सुट्ट्यांच्या आठवड्यात दोन आरक्षणे रद्द झाली तर घरगुती खानावळीचे महिन्याचे गणित बिघडते. पण लपवलेली साथ अफवेच्या रूपाने बाहेर पडते आणि अफवेत कोणत्या घरचे जेवण होते हा तपशील नसतो, सगळ्या गावाचे नाव असते. कारण सापडले तर ‘महाप्रसादातील उसळ’ एवढेच म्हणता येते आणि बाकीची घरे मोकळी होतात. कायद्याची बाजूही माहीत असावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली धार्मिक वा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांनाही नोंदणी अपेक्षित आहे. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेस ३ लाखांपर्यंत आणि अन्य इजेस १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ६५ मध्ये आहे. पूजेच्या मंडळाला याची धास्ती घालण्यासाठी हे सांगत नाही; नोंदणीच्या निमित्ताने आचारी आणि अन्न सुरक्षा अधिकारी एकदा समोरासमोर बसतात, एवढा तरी फायदा पदरात पडतो.

पुन्हा असे घडले तर पहिल्या सहा तासांत एक वही घ्यावी. जेवलेल्या प्रत्येकाचे नाव, वय, कोणता पदार्थ खाल्ला आणि कोणता नाही, जेवणाची वेळ, पहिली उलटी किंवा पहिला जुलाब केव्हा, एवढे लिहावे. न आजारी पडलेल्यांची नावेही तितकीच हवीत. ताक पिऊन आजारी पडलेले चाळीस आणि ताक पिऊन ठणठणीत असलेले चाळीस शेजारी मांडल्यावरच ताकावरचा संशय टिकतो किंवा उतरतो. दोन-चार रुग्णांचे शौचाचे नमुने प्रतिजैविक देण्याआधी घ्यावेत, अशी आठवण डॉक्टरांना निःसंकोच करावी. आणि पूजेच्या दिवशी पहिल्या पंगतीतूनच प्रत्येक पदार्थ वाटीभर, वेगवेगळ्या स्वच्छ झाकणाच्या डब्यांत, पदार्थाचे नाव व वेळ लिहून कोणाच्या तरी फ्रिजमध्ये ठेवावा. उसळ, भात, वरण, ताक, शिरा; पाच डबे पुरतात. तीन दिवस त्यांना कोणी हात लावू नये. चौथ्या दिवशी वाडीत सगळे बरे असतील तर ते रिकामे करून, धुऊन, ज्याचे त्याला परत द्यावेत.